पोलो जीटी, पुढची डावी सीट: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

गाडी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१८. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. चाकणच्या कारखान्यात बनलेली, सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक हौशी होता. त्याने गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्यात आणि कंपनीची १६ इंची चाकं काढून १७ इंची लावलीत. टायर २०५/४५ आर१७. दिसायला झकास. वळणावर तर अशी चिकटून जाते की बोलायची सोय नाही.

प्रवासी: ताई. मणक्याची इजा, टी-५ पातळी, म्हणजे छातीच्या भागातला पाचवा मणका. छातीच्या खाली ना हालचाल, ना संवेदना. हात मजबूत आहेत, पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू तिच्या ताब्यात नाहीत. गाडी डावीकडे वळली की आपण नकळत पोट आवळून सरळ राहतो. ताई उजवीकडे कलते, हाताने धरून स्वतःला सावरते आणि पुढच्या वळणाची वाट बघत बसते.

भाऊबीजेला तिला घरी आणलं. धायरी ते कोथरूड एवढंच अंतर. उतरताना म्हणाली, "यंदा ओवाळणी नको. या गाडीचं काहीतरी कर."

मी म्हटलं, दुसरी घेऊ, जरा उंच आणि मऊ. तर म्हणे, "मऊ नको. मामाच्या त्या मोठ्या गाडीत मी भरल्या पिंपासारखी डुचमळते. ही हलत नाही, ही मारते. मारणं बंद कर, डुचमळणं आणू नकोस."

प्रकल्पाचं वर्णन याहून नेमकं मला करता आलं नसतं, म्हणून जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. धक्क्याची धार काढायची, पण गाडीचं वळणावर ताठ राहणं घालवायचं नाही.

९ नोव्हेंबर

आधी मोजणी. मोबाइलमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. फोनमधला प्रवेगमापक वापरून ते धक्के नोंदवतं आणि कोणत्या कंपनसंख्येला किती हादरा आहे त्याचा आलेखही काढून देतं. एक फोन सीटच्या रुळाच्या बोल्टाशेजारी दुतर्फी टेपने घट्ट चिकटवला. दुसरा पातळ प्लायच्या चकतीवर बसवून सीटवर ठेवला आणि त्यावर मी बसलो. गाडी मित्राने चालवली. ताईला मोजणीसाठी उगाच दामटवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

रस्ता घराजवळचाच: सोसायटीचा गतिरोधक, पेव्हर ब्लॉकचा पट्टा, दोन वर आलेली चेंबरं, थोडा गुळगुळीत डांबरी भाग. वेग तोच, हवा तीच.

वाचलेलं कामाला आलं ते इथे. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची कंपनं सगळ्यात जास्त बोचतात ती सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा, म्हणजे ४ ते ८ हर्ट्‌झच्या पट्ट्यात. आयएसओ २६३१ या मानकात याच पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलंय. आडव्या दिशेला मात्र शरीर १ ते २ हर्ट्‌झला सगळ्यात हळवं असतं. साध्या गाडीचं धूड स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतं, स्पोर्ट्स गाडीचं त्याहून भरभर. म्हणजे स्प्रिंग नुसती मऊ केली तर उभं डोलणं संथ होईल, पण आडवं कलणं वाढेल आणि तेही नेमकं नको त्या संथ पट्ट्यात. ताईचं पिंप ते हेच.

आलेखात दोन गोष्टी ठळक दिसल्या. गतिरोधकावर पुढचं चाक उतरताना एक टोकदार सुळका, पाऊण जीच्या पुढे जाणारा (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग). आणि पेव्हर ब्लॉकवर सलग खरखर. सुळका आणि खरखर ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधंही वेगळी असणार.

१० नोव्हेंबर

गाडी चाचांच्या गॅरेजात वर घेतली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम, यात काही नवल नाही. चाचांनी पुढच्या शॉकअपचं रबरी धूळकव्हर वर सरकवलं, बॅटरी आत मारली आणि म्हणाले, "दादा, हे बघा. बंप स्टॉप निम्मा कापलाय."

बंप स्टॉप म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा. कापलाच होता, तोही हॅक्सॉ ब्लेडने. कडा वेड्यावाकड्या होत्या आणि खालच्या तोंडाला रबर घासून चकचकीत झालं होतं. गाडी खाली बसवली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. मग शॉकअप प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळतो. ते आदळणं लांबवायचं म्हणून लोक बंप स्टॉप कापतात. जागा थोडी वाढते, पण आदळतो तेव्हा मधलं मऊ रबर उरलेलं नसतं. माझ्या आलेखातला सुळका हाच. गाडी कडक आहे म्हणून मारत नाही, तिचा वरचा प्रवास संपतो म्हणून मारते.

डाव्या शॉकअपला तेलाचा ओलावा होता. टॉप माउंटचं रबर चिरलेलं. उजवा लिंक रॉड हाताने हलवला की खटखट करत होता. या वयाच्या, खाली बसवलेल्या गाडीत हे सगळं अपेक्षितच.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेचं मतदान, गॅरेज बंद. मत देऊन आलो आणि दिवसभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

टायरच्या भिंतीची उंची म्हणजे रुंदीच्या अमुक टक्के. २०५/४५ म्हणजे भिंत ९२ मिलिमीटर. कंपनीचा १९५/५५ आर१६ म्हणजे १०७. याच गाडीच्या आधीच्या वर्षांत कंपनी १५ इंची चाकं द्यायची, १८५/६० आर१५, त्याची भिंत १११. आणि पोलोवाल्यांमध्ये फार चालणारा १९५/६० आर१५, तो ११७.

पेव्हर ब्लॉकची खरखर, चेंबरची कड, रस्त्याचे सांधे हे सगळं आधी टायरची भिंत पिते, स्प्रिंगपर्यंत नंतर पोचतं. ९२ वरून १११ म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढ. १५ इंची चाक आत बसेल का, ब्रेकला लागेल का, हा प्रश्नच नाही, कारण हीच गाडी त्याच चाकावर कारखान्यातून निघायची. पाच बोल्ट, १०० चा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), मधलं भोक ५७.१. जुन्या बाजारात कंपनीचीच अलॉय मिळतात.

१९५/६० चा मोह खूप झाला. सहा मिलिमीटर भिंत जास्त, भारांक ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. १८५/६० ला साधारण ८४, म्हणजे ५०० किलो, आणि तो या गाडीला पुरतो. तरी १८५ च घेतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील आणि कंपनीचं मूळ मोजमाप यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. टायरच्या एका मापावरून कुणी फासावर चढवत नाही, हे खरं. पण उद्या अपघात झाला आणि गाडीत चालता न येणारं माणूस असलं, तर सहा मिलिमीटरसाठी विम्याच्या सर्व्हेअरशी वाद घालत बसायची माझी तयारी नाही. कंपनीचं माप म्हणजे तोंड बंद.

चाकाचा घेर १७ इंचीपेक्षा जरासा कमी होतो, त्यामुळे स्पीडोमीटर दोनेक टक्के जास्त दाखवेल. चालेल.

शॉकअपबद्दल. कोनी नावाची डच कंपनी एक प्रकार बनवते, त्यात कंपन जलद असलं की तेलाला जास्तीची वाट उघडते आणि संथ असलं की ती बंद राहते. म्हणजे खरखरीला मऊ, वळणावर ताठ. कागदावर ताईचं वाक्यच शॉकअपमध्ये भरल्यासारखं. पण बाहेरून मागवायचे, महागडे, आणि आमच्या गॅरेजात ते उघडून बघितलेला कुणी नाही. आधी मूळ मापाचे नवे स्प्रिंग-शॉकअप लावून बघू. निम्मं दुखणं कापलेल्या रबरात असताना त्यावर परदेशी औषध कशाला?

यादी: चार स्प्रिंगा, चार शॉकअप, बंप स्टॉप आणि धूळकव्हर, पुढचे टॉप माउंट बेअरिंगसकट, लिंक रॉड. नाना पेठेत दोन दुकानांत विचारलं, लिंक रॉड तिथे मिळाले. बाकी पार्ट नंबरवरून मागवले.

३० नोव्हेंबर

फिटिंग. दिवसभर गॅरेजात.

एकच गोष्ट सविस्तर लिहितो, कारण ती बऱ्याच ठिकाणी होत नाही. लोअर आर्मची आणि मागच्या बीमची बुशं रबराची असतात, आतली नळी बोल्टाने आवळली जाते आणि रबर पिळ खातं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा स्थितीत बोल्ट आवळले तर रबराची शून्य जागा लटकलेल्या चाकाला ठरते. गाडी खाली टेकली की प्रत्येक बुश कायमचं पिळलेलं राहतं. गाडी विनाकारण कडक लागते आणि बुश लवकर फाटतं. म्हणून सगळे बोल्ट हाताने लावले, गाडी चाकांवर उभी केली, पुढून दोनतीनदा दाबून बसू दिली आणि मग खालच्या खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचने आवळले. चाचांना हे सांगावं लागलं नाही. उलट मी "आता आवळूया" म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती लक्षात आहे.

नंतर अलाइनमेंट. हेडलाइटचा कोनही खाली घ्यावा लागला, पुढची बाजू उंच झाल्यावर उजेड समोरच्याच्या डोळ्यात जात होता.

टायरात हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. पंपावरचा पोरगा प्रत्येक गाडीत ३५ भरतो. त्याला दरवेळी आकडा सांगायचा आणि मीटरकडे बघत उभं राहायचं.

१ डिसेंबर

तोच रस्ता, तेच फोन. गतिरोधकावरचा सुळका पाऊण जीवरून अर्ध्या जीच्या आत आला आणि त्याचं टोक बोथट झालं. पेव्हर ब्लॉकची खरखर डोळ्यांनी दिसण्याइतकी कमी. वळणावर गाडी किंचित जास्त कलते, पण किंचितच.

दुपारी ताईला घेऊन चक्कर मारली. पहिली दाद मिळाली ती गाडी हलायच्या आधीच. गाडी वर आल्यामुळे सीट आणि व्हीलचेअर जवळपास एका पातळीत आल्यात. आधी कारची सीट चार बोटं खाली होती. आत जाताना सागवानी फळीवरून घसरत जायचं, सोपं. बाहेर येताना तेवढाच चढ, आणि तो सगळा दोन खांद्यांवर. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे म्हणजे त्याचे हात आणि पाय दोन्ही. एकदा ते दुखायला लागले की सगळंच अडतं. फिजिओ मॅडम गाडीच्या हादऱ्यापेक्षा या चढावरच जास्त चिडायच्या.

चक्कर झाल्यावर ताईचा निकाल: "मारत नाही. पण मी अजून पुढे सरकते."

म्हणजे आता काम सीटवर.

८ डिसेंबर

हे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच खोल निघालं.

आईने मागवलेली मेमरी फोमची गादी ताईच्या सीटवर गेले काही महिने आहे. हाताने दाबली तर लोण्यासारखी. तिच्यावर चकती ठेवून मोजलं. सीटच्या रुळावर ४-५ हर्ट्‌झच्या आसपास जेवढा हादरा होता, त्याहून जास्त गादीच्या वर मिळाला! फोम आणि त्यावरचं माणूस मिळून स्वतःच एक स्प्रिंग आणि वजन होतात. मऊ, जाड फोमची स्वतःची लय याच पट्ट्यात पडते. शॉकअपने जे काढलं ते गादी परत घालत होती. आईला आलेख दाखवला, तिने चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "मग मी बसते तिच्यावर पूजेला." प्रश्न मिटला.

आता सरकण्याचं. पाठ जास्त मागे रेलली की कमरेखालचा भाग पुढे घसरतो. ज्याला संवेदना आहे तो आपसूक उठून नीट बसतो. ताईला कळतही नाही. कातडी सीटला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. ही आतली घसट नुसत्या दाबापेक्षा वाईट, बेडसोअरची सुरुवात बऱ्याचदा तिथे होते. शिवाय कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो. तो ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरच बसायला हवा. ब्रेक जोरात लागला आणि पट्टा पोटावर असला तर आतल्या अवयवांना इजा होते. "आरामात रेलून बस" हा प्रेमाचा सल्ला ताईला गाडीत द्यायचा नाही, असं घरात सगळ्यांना सांगितलंय.

जीटीच्या सीटला दोन्ही बाजूंनी उंचवटे आहेत. बाहेरचा उंचवटा चढताना आड येतो, म्हणून ही सीट काढून सपाट सीट टाका असा सल्ला दोघांनी दिला. पण चढणं ही मिनिटाची गोष्ट आहे, आणि बसल्यावर हेच उंचवटे तिच्या मांड्या जागेवर ठेवतात. स्पोर्ट्स सीट तिच्यासाठी साध्या सीटपेक्षा चांगली आहे. फळी जरा लांब केली की उंचवट्याच्या वरून जाते.

मधला खोलगट भाग मात्र भरायला हवा. भवानी पेठेतून रिबॉन्डेड फोमचा तुकडा आणला, हा कापलेल्या फोमचे तुकडे दाबून बनवतात, ठोस असतो. ब्रेडच्या सुरीने खोलगट भागाच्या आकाराचा कापला. पुढची कड मागच्यापेक्षा थोडी उंच ठेवली, म्हणजे बैठकच तिला मागे धरेल. त्यावर तिची रोजची हवेच्या कप्प्यांची गादी. एकूण जाडी मेमरी फोमपेक्षा कमी भरते, त्यामुळे डोकं छताला लागत नाही आणि खांद्याचा पट्टाही जागेवर बसतो.

हवेच्या गादीत लोक हवा जास्त भरतात. फिजिओ मॅडमनी शिकवलेली पद्धत अशी: माणूस बसलेलं असताना हात खाली घालायचा, सगळ्यात खाली आलेलं हाड शोधायचं, आणि ते हाड व गादीचा तळ यांत साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर राहील इतकीच हवा ठेवायची. कमी असेल तर हाड तळाला टेकतं, जास्त असेल तर माणूस फुग्यावर बसल्यासारखं डगमगतं.

१५ डिसेंबर

बाजूचे आधार आणि पाय.

कुशनवाल्या काकांनी रेक्झिनच्या पिशवीत भरलेले दोन आधार शिवून दिले, बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना बसणारे. मागे रुंद पट्टी, ती सीटच्या पाठीत दाबली की आधार जागेवर राहतात. सीटला एकही भोक पाडलेलं नाही. माझ्या गाडीत सीटमध्ये साइड एअरबॅग नाहीत, म्हणून हे चाललं. ज्या गाडीत आहेत तिथे सीटच्या कडेला काहीही बांधायचं नाही. एअरबॅग त्या शिवणीतूनच फुटून बाहेर येते.

छातीवरून एक रुंद वेल्क्रो पट्टा आहे, तो नुसता सरळ बसायला. जीव वाचवायला गाडीचा मूळ पट्टाच, आणि त्याच्या वाटेत काही येऊ द्यायचं नाही. वेल्क्रो पट्टा किती घट्ट हे ताई स्वतः ठरवते. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाला खाली कुठे काही टोचलं, आवळलं, लघवीची नळी दुमडली, तर रक्तदाब अचानक चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. ते तातडीचं दुखणं असतं. म्हणून निघण्यापूर्वी नळी कुठून जाते, पट्ट्याची कडी मांडीखाली तर नाही ना, खिशात चावी तर नाही ना, हे बघायचं. ऊन असेल तर कडी हात लावून बघायची. तापलेली कडी मांडीला लागली तर तिला कळणार नाही, फोड मात्र येईल.

आता पाय. सलग हादरे बसले की ताईचा उजवा पाय घोट्यातून ठोके द्यायला लागतो, टक-टक-टक, शिवणयंत्राच्या पायपट्टीवर ठेवल्यासारखा. याला क्लोनस म्हणतात. पायाचा पुढचा भाग फक्त टेकलेला आणि टाच हवेत असली की तो हमखास सुरू होतो. पावलाला टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण आधार दिला की बहुतेक वेळा थांबतो. डाव्या बाजूच्या पायाजवळच्या जागेत तिरकी फळी बसवली, वरून ईव्हीएचा (चपलेच्या तळासारख्या घट्ट फोमचा) जाड शीट, टाच अडकायला पाठीमागे छोटी पट्टी. फळी गालिच्याखालच्या वेल्क्रोवर बसते, उचलून काढता येते. फळीचा कोन तीनदा बदलला, आणि दरवेळी ताई वरून "अजून जरा" म्हणत होती.

दरवाज्याच्या खिशाची प्लास्टिकची कड तिच्या गुडघ्याला घासत होती. तिथे फोमची पट्टी. एवढंसं काम, पण लाल वळ बंद झाला.

२२ डिसेंबर

आज गाडीला हात लावला नाही, चालवणाऱ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे.

गाडी खाली होती तेव्हा मी गतिरोधक तिरका घ्यायचो, एक चाक आधी चढवून. खाली लागू नये म्हणून सगळेच घेतात. पण तिरकं घेतलं की गाडी आडवी झुलते, आणि ताईला नेमकं तेच नको असतं. आता उंची परत आल्यावर सरळ घेतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ नुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, गोलसर, ताशी २५ किलोमीटरने आरामात पार होईल असा. आमच्या सोसायटीचा उंचीला साधारण तेवढाच आहे, रुंदीला जेमतेम पाऊल. तो गतिरोधक नाही, तो उंबरठा आहे. सोसायटीच्या बैठकीत विषय काढलाय, पुढे काय होतं बघू.

वेग कमी करायला रस्त्यावर आडव्या मारलेल्या पांढऱ्या जाड पट्ट्यांचा हिशेब मजेशीर निघाला. एका ठिकाणी मोजपट्टी लावली: पट्टीपासून पट्टी ६० सेंटिमीटर. ताशी १५ ने गेलो तर सेकंदाला जवळपास ७ ठोके, म्हणजे बरोब्बर ४ ते ८ हर्ट्‌झच्या बोचऱ्या पट्ट्यात. २२ ते ३२ च्या दरम्यान गेलो तर ठोके १० ते १५ होतात आणि चाकं स्वतःच्या लयीत उड्या मारायला लागतात. "हळू घे रे" या सल्ल्याने १५ वर आलो की ताईचा पाय शिवणयंत्र सुरू करायचा, याचा उलगडा झाला. आता वस्तीत, शाळेसमोर पार चालण्याच्या वेगावर येतो. मागचा हॉर्न मारतो, मारू दे. मोकळ्या हायवेवर, जिथे पट्टे फक्त सावध करायला आहेत, तिथे ४० च्या वर राहतो. मधला वेग वर्ज्य.

आणि एक, ताईनेच सांगितलेलं: खड्डा दिसला की आधी बोल. "डावा खड्डा" एवढे दोन शब्द. तिच्याकडे वरचं हँडल धरायला हात आहेत, फक्त वेळ हवा.

५ जानेवारी २०२५

डीएसजी सिग्नलला रांगेत सरकताना पहिल्या गिअरला हिसका द्यायचा. कोरड्या क्लचचा हा गिअरबॉक्स या बाबतीत बदनामच आहे. मान पुढे-मागे जायची. स्कॅनर असलेल्या गॅरेजात बेसिक सेटिंग करून घेतलं, क्लच कुठे धरतो ते यंत्राने नव्याने शिकलं. बराच फरक. उरलेला माझ्या पायात: समोरच्या गाडीला थोडं पुढे जाऊ द्यायचं, मग एकदाच सोडायची.

२६ जानेवारी

वाई, मामाकडे, आणि तिथून पाचगणी.

सकाळी लवकर निघालो. कात्रजचा बोगदा, शिरवळ, मग खंबाटकी घाट चढून. जाताना दर अर्ध्या तासाने थांबा: ताई दोन्ही हातांवर अंग उचलते, नाहीतर एका कुशीला कलून दाब सोडते. हे सीट कितीही चांगली असली तरी चुकत नाही. खंबाटकीची वळणं मी मुद्दाम जरा वेगात घेतली आणि तिरक्या नजरेने तिच्याकडे बघत होतो. ती हँडल न धरता फोनवर कुणाला तरी मेसेज टाइप करत होती. मला आलेख नको होता.

मामांनी अंगणात गाडीभोवती फेरी मारली. "चाकं लहान केलीस की रे. आधी कशी ऐटदार दिसायची." मामांच्या मोठ्या गाडीबद्दल ताईचं मत त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

पसरणी घाट चढताना नवी गोष्ट कळली. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि बंद गादीतली हवा फुगते. टायरमध्ये एवढ्या फरकाने काही कळत नाही, कारण त्यातला दाबच मोठा. हवेच्या गादीत मुळात दाब अगदी थोडा असतो, तिथे तो फरक मोठा पडतो. घाटाच्या वर टेबल लँडच्या फाट्याशी ताई म्हणाली, "मी डगमगतेय." हात घालून बघितलं तर कप्पे टणटणीत. व्हॉल्व्ह उघडून थोडी हवा सोडली. उतरताना उलटं: वाईला पोचल्यावर हाड तळाला टेकायला आलं होतं, हातपंपाने पुन्हा भरली. पंप आता डॅशबोर्डच्या खणात कायमचा.

परतताना बोगद्यातून. रात्री घरी उतरल्यावर आईने तिची पाठ आणि माकडहाड बघितलं. लाल डाग नाही.

९ फेब्रुवारी

बाकी राहिलेलं:

कोनीचे शॉकअप रद्द. सीट आणि टायरनेच काम झालं, ते पैसे ताईच्या व्हीलचेअरच्या नव्या चाकांना.

रिबॉन्डेड फोम मागच्या बाजूला थोडा बसलाय. काका म्हणतात खाली प्लाय टाका, मी म्हणतो टणक होईल. आधी ईव्हीए टाकून बघणार.

१७ इंची चाकं विकायची आहेत. एक जण बघून गेला, अजून फोन नाही.

ताईला आता उन्हाळ्यात कोकणात जायचंय, ताम्हिणीमार्गे. टी-५ च्या खाली घाम येत नाही, त्यामुळे एसी आधी तपासून घ्यायचा. गॅस आणि केबिन फिल्टर दोन्ही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचांकडे वेळ घेतली आहे.